सामोआला जायचंय? आधी रविवार कुठे येतो ते बघा

आजचा एपिसोड तुम्हीच मागितलेला आहे. मी आणि आई सामोआला जाऊन आलो, तेव्हापासून इनबॉक्समध्ये तेच तेच प्रश्न येतायत. व्हिसा कसा काढलास? तिथे शाकाहारी माणसाचं काय होतं? आईला झेपलं का? तर आज या सगळ्याची उत्तरं. नोट्स ॲप उघडून ठेवा, कामाच्या गोष्टी बऱ्याच आहेत.

आधी नकाशा. सामोआ हा पॅसिफिक महासागरातला पॉलिनेशियन देश, हवाई आणि न्यूझीलंडच्या साधारण मध्ये. उपोलू आणि सवाई ही दोन मोठी बेटं, बाकीची चिमुकली. सगळा देश क्षेत्रफळाने गोव्यापेक्षा लहान, आणि लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. राजधानी आपिया, ती उपोलूवर. शेजारीच अमेरिकन सामोआ आहे, पण तो अमेरिकेच्या ताब्यातला वेगळा प्रदेश. बुकिंग करताना या दोघांत गल्लत नको, कारण तिथले प्रवेशाचे नियम पूर्ण वेगळे आहेत.

आता व्हिसा. भारतीय पासपोर्टवर सामोआचा पर्यटक व्हिसा आधी काढावा लागत नाही, उतरल्यावर व्हिजिटर परमिट मिळतं. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, परतीचं तिकीट हवं, राहण्याचा पत्ता हवा. हे ऐकून लोक खूश होतात आणि स्वस्तात स्वस्त तिकीट काढून मोकळे होतात. खरी मेख मधल्या थांब्यात आहे. मुंबईहून थेट विमान नाही, म्हणजे कुठेतरी बदलणं आलंच. ऑकलंडवरून जाणार असाल, तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही भारतीयांना न्यूझीलंडचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. सिडनी किंवा ब्रिस्बेनवरून गेलात तर ऑस्ट्रेलियाचा. होनोलुलूवरून गेलात तर थेट अमेरिकेचा. तो नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच तुम्हाला परत पाठवतात, आणि तिकिटाचे पैसे गेले ते गेले.

म्हणून आम्ही सिंगापूर आणि फिजीवरून गेलो. फिजीला भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. सिंगापूर ते नांदी हा दहा तासांचा पल्ला, आणि नांदीहून आपिया दोनेक तास. फक्त एक काळजी घ्या, सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या. वेगवेगळी तिकिटं काढली आणि सिंगापूरला सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायची वेळ आली, तर तुम्हाला सिंगापूरमध्ये प्रवेश करावा लागतो, म्हणजे पुन्हा व्हिसा! आणि नियम बदलत असतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी प्रत्येक देशाची सरकारी साइट स्वतः उघडून बघा. रील बघून तिकीट काढू नका.

पुढचा मुद्दा तारखेचा, आणि हा माझ्या धंद्यातला आहे, त्यामुळे थोडं सहन करा. २०११ साली सामोआच्या लोकांनी ३० डिसेंबर हा दिवस पाहिलाच नाही. २९ तारखेला रात्री झोपले, उठले ते ३१ तारखेला. त्यांचा व्यापार, नातेवाईक, सगळं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी जोडलेलं, आणि तिकडे सोमवार असायचा तेव्हा इकडे रविवार. म्हणून देशाने आंतरराष्ट्रीय वाररेषाच ओलांडली. आता सामोआ आपल्या साडेसात तास पुढे आहे, पण हाकेच्या अंतरावरचं अमेरिकन सामोआ अजून जुन्याच बाजूला. विमानाने अर्ध्या-पाऊण तासात पोचता, आणि कॅलेंडरवर काल असतो. तिकडे जाऊन यायचं असेल तर हॉटेलच्या तारखा कागदावर लिहून तपासा. २०२१ मध्ये सामोआने घड्याळ एक तास पुढे-मागे करायची पद्धतही बंद केली, तीही ऐनवेळी. जुना फोन बरेच दिवस अपडेट केला नसेल तर तो चुकीची वेळ दाखवू शकतो. निघायच्या आधी अपडेट मारून घ्या.

आता येऊया रविवारावर. सामोआत रविवारी देश थांबतो. सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत चर्चला, मग घरी मोठं जेवण, मग झोप. बसेस जवळजवळ नाहीत, बहुतेक दुकानं बंद, आणि कित्येक गावांत त्या दिवशी समुद्रात उतरलेलं चालत नाही. तुमची ट्रिप सात दिवसांची असेल आणि रविवार तुम्ही 'बीच डे' म्हणून ठेवला असेल, तर तो दिवस वाया गेला समजा. आम्ही रविवारी चर्चला गेलो. धर्माचा प्रश्नच आला नाही, कुणी विचारलंही नाही. तिथलं समूहगान ऐकून आई म्हणाली, "एवढं मोठं भजनी मंडळ मी कधी ऐकलं नव्हतं."

रोज संध्याकाळीही असाच एक छोटा थांबा असतो. त्याला 'सा' म्हणतात. सहा-सातच्या सुमाराला घंटा किंवा शंख वाजतो, हो, खराखुरा शंख, आणि घराघरांत प्रार्थना सुरू होते. दहा-पंधरा मिनिटं गावातून चालायचं नाही, आवाज करायचा नाही. तुम्ही रस्त्यात असाल तर एका बाजूला शांत बसा. पुन्हा खूण झाली की निघा.

हे सगळं इतकं गंभीरपणे का घ्यायचं? कारण तिथली सुमारे ८० टक्के जमीन कुळांच्या मालकीची आहे. कुटुंबाच्या प्रमुखाला 'मताई' म्हणतात, आणि गावातल्या मताईंची पंचायत गाव चालवते. तुम्ही गूगल मॅपवर जो धबधबा किंवा किनारा बघता, तो कुठल्यातरी कुटुंबाचा किंवा गावाचा असतो. म्हणून तिथे शिरताना काही ताला मागतात. ताला हे तिथलं चलन, एका तालाचे अंदाजे तीस रुपये धरा. एका किनाऱ्यावर आमच्या पुढचे दोन पर्यटक एका आजींशी हुज्जत घालत होते, की समुद्र काय तुमचा आहे का? आजी शांतपणे म्हणाल्या, "समुद्र देवाचा. वाट आमची." मला यापेक्षा नीट समजावता येणार नाही. सुट्टे ताला जवळ ठेवा, पैसे कुणाला द्यायचे ते आधी विचारा आणि हसून द्या. एटीएम आपियात आहेत, सवाईवर सालेलोलोगाला आहेत, पण खेड्यात कार्ड चालेल या भरवशावर राहू नका.

वागण्याचे नियम आपल्याला सोपे जातात, कारण निम्मे आपल्या आजीने शिकवलेलेच आहेत. घरात चपला काढून जा. खाली बसाल तर मांडी घालून बसा, कुणाकडे पाय पसरू नका. बसलेल्या मोठ्या माणसांसमोरून जाताना थोडं वाकून 'तुलोउ' म्हणा, म्हणजे 'माफ करा हं'. पोहण्याचे कपडे पाण्यापुरते, गावात फिरताना कमरेला लावालावा गुंडाळा. आपल्या लुंगीसारखंच कापड असतं, बाजारात सहज मिळतं, बायका-पुरुष दोघंही नेसतात.

आता जेवण. आईची सगळ्यात मोठी चिंता हीच होती, आणि पहिल्याच दिवशी ताटात आला अळू! पालुसामी नावाचा पदार्थ आहे. अळूची कोवळी पानं, त्यात नारळाचं घट्ट दूध आणि कांदा, पुडी बांधून गरम दगडांच्या भट्टीत भाजतात. शेजारी उकडलेली अळकुडी, आणि भाजलेला नीरफणस. आमचं आजोळ चिपळूणचं, त्यामुळे नीरफणस बघून आईने यजमानीणबाईंना हातवाऱ्यांनी कापांची रेसिपी सांगायला घेतली. पण सावध राहा, पालुसामीत कधी कधी डब्यातलं गोमांस घालतात, त्याला 'पिसुपो' म्हणतात. "पिसुपो आहे का?" हे दर वेळी विचाराच. मासे खात असाल तर ओका खा, नारळाच्या दुधातला कच्चा मासा, मजा येते.

घरून खाऊ नेताना एक लक्षात ठेवा. ताजी फळं, बिया, कंद, पानं अजिबात नकोत, आणि पॅकबंद खाऊही फॉर्मवर लिहून दाखवा. हा नुसता कागदी नियम नाही. १९९३ मध्ये अळूवरचा करपा रोग सामोआत शिरला आणि देशाचं मुख्य पीक, मुख्य निर्यात, बघता बघता झोपली. रोगाला टिकणारी नवी वाणं तयार करायला वर्षं गेली. तुमच्या पिशवीतल्या चार पानांची त्यांना भीती वाटते ती उगाच नाही.

फिरण्याचं थोडक्यात सांगते. पाऊस आणि चक्रीवादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल, त्यामुळे मे ते ऑक्टोबर जा. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात, २००९ पर्यंत उजवीकडून चालवायचे. तिथलं तात्पुरतं लायसन्स घ्यावं लागतं, गाडी भाड्याने देणारेच काढून देतात. वेगमर्यादा गावात ताशी ४० किलोमीटर, बाहेर ५६. मुलं, डुकरं, कुत्री सगळी रस्त्यावर असतात, तेव्हा ती पाळाच. सवाईला जायला मुलिफानुआहून फेरी सुटते, तासा-दीड तासाचा प्रवास. गाडी न्यायची असेल तर जागा आधी बुक करा. चार्जरला ऑस्ट्रेलियन पिनचा अडॅप्टर लागेल. नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा. डासांसाठी क्रीम घ्या, डेंग्यू असतो.

आणि शेवटची गोष्ट, जी मी सगळ्यात आधी करायला सांगेन. किनाऱ्यावर राहायला 'फाले' मिळतात. खांब, छप्पर, गादी, मच्छरदाणी, भिंती नाहीतच. रात्रभर लाटा ऐकत झोपायचं. आम्ही लालोमानूला राहिलो. २९ सप्टेंबर २००९ च्या सकाळी मोठा भूकंप झाला आणि काही मिनिटांतच त्सुनामी याच किनाऱ्यावर आली. सामोआत १४० हून अधिक माणसं गेली. आज तिथे डोंगराकडे जाणाऱ्या वाटांच्या पाट्या आहेत. पोचल्या दिवशी, सामान टाकल्यावर, मी आईला घेऊन ती वाट चढले. तिच्या गुडघ्यांनी किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजलं, आणि मग आमचा फाले बदलून वाटेच्या तोंडाशी असलेला मागून घेतला. यजमानीणबाईंनी कारण विचारलं नाही. किल्ली नव्हतीच द्यायला, त्यांनी नुसती मच्छरदाणी तिकडे हलवली.

जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, तर सायरनची वाट बघू नका, फोन शोधू नका, सरळ वर चला. पोहताना खडकांच्या रांगेत जिथे फट असते तिथून दूर राहा, ओढ जबरदस्त असते. कुठे पोहायचं ते गावातल्या माणसाला विचारा. ती वाट त्यांची आहे तसं ते पाणीही त्यांना माहीत आहे.

तर मंडळी, एवढंच. कॅलेंडर उघडा, रविवार बघा, मग तिकीट बघा. जायचं ठरलं तर कमेंटमध्ये तुमचा मार्ग लिहा, ट्रान्झिटचं काही अडलं तर मी बघून सांगते. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोफा सोइफुआ, म्हणजे अच्छा, सुखात राहा!