चित्र काढा, पण पाठवू नका
(आकाशवाणीवरील भाषण)



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत ‘संगणकावरील चित्रकला : एक विरंगुळा’ असा दिलेला आहे. तो मी थोडा वळवून घेणार आहे. टॅब्लेट बरा की फोन बरा, हे तुमच्या घरातला दहावीतला मुलगा माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. मला एकच सांगायचंय, आणि वेळ थोडा म्हणून आधीच सांगून टाकते. चित्र काढा, पण कुणाला पाठवू नका.

तुसडेपणाचं वाटलं ना? पण आपल्याकडे गोव्यात, पेडण्यात काय किंवा डिचोलीत काय, पाठवल्यावर काय होतं ते आठवा. एक बऱ्यापैकी कमळ काढून वाड्याच्या ग्रुपवर टाकलंत, की दुसऱ्या दिवशी जत्रेतल्या नाटकाची मंडळी दारात हजर. “पोस्टर तेवढं करून द्या.” मग चवथीचा बॅनर, शिगम्याच्या चित्ररथाचा आराखडा, कुणाच्या तरी बारशाची पत्रिका. त्या पत्रिकेत आजोबांचा फोटो मोठा की मामाचा, यावरून रात्री अकराला फोन. वाड्याला मी दोष देत नाही; उत्सव म्हटला की माणसं लागतातच. पण तुमची हौस होती, तिचं काम झालं. तेही फुकटचं.

आमच्या सासूबाई दुपारी पडवीत सूप घेऊन बसायच्या. उकडे तांदूळ. एकेक दाणा बोटाखालून सरकायचा. खडा दिसला की उचलायचा, बाजूला टाकायचा. बोलणं नाही, चालणं नाही. तासाभराने उठल्या की सकाळची कटकट कुठे गेली याचा त्यांनाच पत्ता नसायचा. आणि एक लक्षात घ्या, निवडलेलं सूप त्यांनी कधी शेजारणीला दाखवायला नेलं नाही.

संगणकावर नेमकं तेच होतं. इंकस्केप नावाचा प्रोग्रॅम आहे, २००३ पासून फुकट मिळतो. त्यात रेघ काढायची म्हणजे बिंदू ठेवायचे. प्रत्येक बिंदूला दोन दांड्या असतात. दांडी ओढली की रेघ वाकते. कमळाची पाकळी काढायला नवखा माणूस पंधरावीस बिंदू ठोकतो आणि पाकळी खडबडीत होते. मग निवडायला बसायचं. हा बिंदू काढला तर बिघडतं का? नाही, मग काढा. पुढचा? तोही. शेवटी बुडाशी दोन आणि टोकाला एक, एवढेच उरतात. आणि पाकळीला अशी गोलाई येते की आपणच बघत राहतो. तोवर चुलीवर ठेवलेला चहा आटलेला असतो, हे मात्र खरं.

मी आयुष्यभर गणित शिकवलं, म्हणून या दांड्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. या वक्ररेषा बेझिएच्या नावाने ओळखल्या जातात. पियेर बेझिए हा रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतला इंजिनीयर. मोटारीच्या पत्र्याचे बाक कागदावर नेमके कसे उतरवायचे, यासाठी त्याने १९६०च्या दशकात त्या वापरल्या आणि प्रसिद्ध केल्या. पण सित्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्तेल्जो या गणितज्ञाने हेच काम त्याच्या आधी, १९५९ साली सुरू केलं होतं. कंपनीने ते गुपित ठेवलं आणि नाव बेझिएचं झालं. ज्याने दाखवलं त्याला नाव मिळालं, कबूल. पण आपल्याला नाव कुठे हवंय? आपल्याला दुपार हवी आहे.

काढायचं काय, असं विचाराल. आपल्या दाराशी कावी ही भित्तिकला आहे. मोरजीला मोरजाईच्या देवळात गेलात तर दर्शन घेऊन लगेच चप्पल शोधू नका, भिंतीकडे बघा. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने खरवडायचा. खालचा पांढरा चुना वर येतो, तीच नक्षी. रंग दोनच. छटा नाहीत, सावल्या नाहीत. शिकणाऱ्याला याहून सोपा धडा मिळायचा नाही. अर्धी वेल काढा, तिची प्रत करा, आरशातल्यासारखी उलटवा, झाली पूर्ण. फक्त पांढरा रंग पडद्यावरचा लख्ख पांढरा घेऊ नका. चुना तसा नसतो, त्यात पिवळसर झाक असते. ती झाक जुळवण्यात माझी अख्खी संध्याकाळ जाते, आणि ती वाया गेली असं मला एकदाही वाटलेलं नाही. त्या जुन्या कारागिरांना मागे फिरता येत नव्हतं. गिलावा वाळायला लागला की संपलं. आपल्याला एक कळ दाबली की मागे जाता येतं, तरी आपण घाबरतो!

याला शास्त्राचा आधार आहे का, हा प्रश्न येतोच. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ३९ प्रौढ माणसांना ४५ मिनिटं चित्र, चिकणमाती, कोलाज यांत रमू दिलं आणि आधी व नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. कॉर्टिसॉल म्हणजे ताण वाढला की वाढणारं संप्रेरक. सुमारे तीनचतुर्थांश लोकांत ते उतरलं. पूर्वी चित्रकला येत होती की नव्हती, याने फरक पडला नाही. आता तिथे संगणक नव्हता, आणि ३९ माणसं म्हणजे काही सगळं जग नव्हे. पण ‘मला चित्रकला येत नाही’ ही सबब तरी सोडा.

आमच्या ओळखीचे डिचोलीकडचे एक गृहस्थ खाणीवर ट्रक चालवायचे. २०१२ साली खाणी बंद झाल्या, ट्रक अंगणात उभा राहिला आणि हे सोप्यावर. आज ते फोनवर बोटाने टायर काढतात. हसू नका. टायरच्या नक्षीचा एकच ठोकळा काढायचा आणि त्याच्या प्रती गोल फिरवत न्यायच्या. शेवटचा ठोकळा पहिल्याला नीट भिडला तर जिंकलं, नाहीतर पुन्हा. घरातल्यांनासुद्धा ते दाखवत नाहीत. मला दाखवले ते मी फारच मागे लागले म्हणून.

आता तर नुसतं सांगितलं की यंत्र चित्र करून देतं. देऊ दे. दुकानात निवडलेल्या तांदळाचं पाकीटही मिळतं, आणि भात त्याचाही होतोच. पण भातासाठी बसलोय कोण? सासूबाईंची ती पडवीतली दुपार पाकिटातून येत नाही.

अक्षरांबद्दलही बोलायचं होतं. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा देवनागरी टंक केला. तो समोर ठेवून एकटा ‘ळ’ काढायला घेतलात तर त्याच्या दोन पोटांमध्ये… पण काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत. ते राहू दे.

एक मात्र घाईतही सांगते. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर चित्रावर भागवू नका. टेलिमानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट चालतो, आणि बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे. तिथे जायला लाजू नका.

बाकीच्यांनी आज जेवणं आटोपली की बसा. एक पाकळी काढा. जास्तीचे बिंदू निवडा. फाइल साठवा आणि फोन उशापासून लांब ठेवून झोपा. आणि पुन्हा सांगते, पाठवू नका. ग्रुपवर नको, मुंबईच्या भाचीला नको, आणि कृपा करून आकाशवाणीच्या पत्त्यावर मलाही नको.