पाझर तलावाच्या काठावरची शाळा
(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



जत तालुका पर्जन्यछायेतला. येथील तळी बहुधा परतीच्या पावसाने भरतात आणि उन्हाळ्यात त्यांचा तळ उघडा पडतो. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पाझर तलावांची कामे निघाली. आजच्या मुलांच्या पणजी-पणजोबांच्या पिढीने डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहिल्या. त्या पिढीसाठी तलाव म्हणजे पाणी व मजुरी. आजच्या मुलांना तोच तलाव शाळाही होऊ शकेल.

परिसर अभ्यासाच्या पुस्तकात बेडकाचे चित्र असते. तलावाच्या काठी प्रत्यक्ष बेडूक असतो. दसऱ्यानंतरची एखादी सकाळ निवडावी. साहित्य साधेच लागते : काठीला बांधलेली चहाची गाळणी, पांढरी थाळी आणि एक भिंग. थाळीतल्या पाण्यात डासाच्या अळ्या शेपटाकडची नळी वर करून श्वास घेताना दिसतात. चतुराची अळी त्यांच्यावर झडप घालते. डासांविरुद्धच्या लढाईत आपला एक साथीदार पाण्यातच राहतो, हे मुलाला व्याख्यानाशिवाय उमगते. सीमेवरच्या गावांतील मूल बेडकाला 'कप्पे' म्हणेल. शिक्षकांनी दोन्ही नावे फळ्यावर लिहावीत. दोन्ही त्याचीच आहेत.

याहून मोठा पाठ कोरड्या तळ्याचा आहे. पाणी आटले म्हणजे सारे संपले, असे नव्हे. काही बेडूक जमिनीत खोल दडून पावसाची वाट पाहतात. कोळंबीच्या गोतातील काही बारीक जीवांची अंडी सुकलेल्या गाळात वर्षानुवर्षे टिकतात. उन्हाळ्यात तळ्यातील मूठभर सुका गाळ आणून बरणीतील स्वच्छ पावसाच्या पाण्यात ठेवला, तर अनेकदा काही दिवसांत त्यात हालचाल दिसू लागते. दुष्काळी मुलखातल्या मुलाला धीराचा याहून चांगला धडा कोणता?

येथे पंचायतीचे कर्तव्य येते. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून गाळ शेतात जाऊ लागला. हे काम मोलाचे आहे. कारण साठवण वाढते आणि जमीनही सुधारते. मात्र तो उपसताना काठाचा एक कोपरा, तेथील लव्हाळा व पाणकणीस यांसह, न खरवडता राखावा. पुढील वर्षीच्या जीवसृष्टीचे ते बियाणे होय. त्याच काठावर कचरा टाकला जाणार नाही, हेही पाहावे.

सहलीत सुरक्षिततेला पहिले स्थान द्यावे. गाळात पाय रुततो. म्हणून मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. पाच-सहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी. पाहून झालेला प्रत्येक जीव पुन्हा पाण्यात सोडावा आणि मग साबणाने हात धुवावेत.

ज्याने लहानपणी तलावातील जीव ओळखले, तो मोठेपणी त्या तलावात राडारोडा टाकणार नाही. उद्याचा पंचायत सदस्य आज तिसरीत शिकत आहे. त्याला एकदा काठावर न्यावे, एवढीच विनंती.