महागडा प्रशिक्षक कधी लावावा?

(वरसे, ता. रोहा येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांच्या मनात तेव्हापासून एक प्रश्न घोळतो आहे: आपल्या लेकरालाही मोठा प्रशिक्षक लावावा का? ग्रँडमास्टरच्या एका तासाला काही हजार रुपये पडतात. शेजारच्या धाटावच्या कारखान्यात पाळ्या करून घर चालवणाऱ्या बापाला हा आकडा लहान नाही.

माझं उत्तर आधीच सांगतो. मूल स्वतःच्या डावांवर स्वतः विचार करू लागलं असेल, तर हा पैसा सत्कारणी लागतो. तशी सुरुवातच झाली नसेल, तर कितीही नावाजलेला गुरू आणा, पैसे पाण्यात जातील.

आपल्याच महाराष्ट्राचा अनुभव बघा. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ नावारूपाला आणलं आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांना खेळवलं. ते स्वतः काही ग्रँडमास्टर नव्हते. तरी त्या सांगलीतून भाग्यश्री साठे पुढे आल्या आणि पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या. स्वाती घाटेही तिथल्याच. नेमाने बसायची जागा, आपल्यापेक्षा सरस प्रतिस्पर्धी आणि डाव संपल्यावर पुन्हा पट मांडून बोलणारं वडीलधारं माणूस, एवढ्यावर एक गाव बुद्धिबळाचं माहेरघर होऊ शकतं. दिव्याचे सुरुवातीचे गुरूही नागपूरचेच, राहुल जोशी. ग्रँडमास्टर श्रीनाथ नारायणन यांचं मार्गदर्शन तिला मिळालं ते पुढे, ती मुलींच्या जागतिक स्पर्धा जिंकू लागल्यानंतर. हा क्रम लक्षात ठेवा.

मग मोठा प्रशिक्षक देतो तरी काय? समजा, एका मुलीचा हरलेला डाव समोर आहे. २३व्या चालीला तिचा घोडा फुकट गेला. मोबाइलवरचं स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन ही चूक क्षणात दाखवतं आणि त्याला एक पैसाही पडत नाही. पण ती का चुकली, हे स्टॉकफिशला ठाऊक नसतं. जाणता प्रशिक्षक त्या चालीवर थांबतो आणि विचारतो, ‘‘इथे तू काय बघत होतीस?’’ ती म्हणते, ‘‘वजिराने शह द्यायचा होता.’’ ‘‘आणि समोरच्याला काय करायचं होतं?’’ मुलगी गप्प होते. मग तो तिचे आणखी चार-पाच डाव काढतो. आपला हल्ला सुरू झाला की समोरचा उंट कोणत्या घरांवर नजर ठेवून आहे, हे तिला दिसेनासं होतं, असं पुन्हा पुन्हा आढळतं. स्कोअरशीटवर वेळ लिहिलेली असेल तर आणखी एक गोष्ट उघड होते: घड्याळात चाळीस मिनिटं शिल्लक असताना ती चाल तिने दहा सेकंदांत केली होती. हे निदान आणि त्यावरचा नेमका सराव, यासाठी पैसे मोजावेत. तासभर सिसिलियन बचावाच्या पंधरा चाली घोकून घेणं हे काम साधं पुस्तकही करतं.

निदानानंतरचं काम मात्र मुलाचंच. मानसशास्त्रज्ञ नील चार्नेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेळाडूच्या ताकदीशी सर्वांत घट्ट नातं आढळलं ते एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाचं. अर्जेंटिनातल्या खेळाडूंवरच्या २००७ च्या अभ्यासात मास्टरच्या दर्जाला पोचायला कुणाला सुमारे ३,००० तास लागले, तर कुणाला २३,०००. म्हणून अमुक महिन्यांत अमुक रेटिंग, अशी हमी देणाऱ्यापासून चार हात दूर राहा.

रेटिंगचा हिशोबही समजून घ्या. अपेक्षेपेक्षा जितके गुण जास्त किंवा कमी मिळतात, त्यांना एका गुणकाने गुणून रेटिंग बदलतं; नवख्या मुलांच्या बाबतीत जागतिक बुद्धिबळ संघटनेचा, म्हणजे फिडेचा, हा गुणक ४० असतो. नऊ फेऱ्यांत तोडीस तोड प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध सात गुण मिळवले, तर निम्म्या गुणांच्या अपेक्षेपेक्षा अडीच गुण जास्त होतात आणि रेटिंग एकदम १०० ने वाढतं. एखादी स्पर्धा वाईट गेली की तेवढंच खालीही येऊ शकतं. एका स्पर्धेवरून प्रशिक्षकाला डोक्यावर घेऊ नका आणि काढूनही टाकू नका. वर्षभरात त्याच जातीच्या चुका कमी झाल्या का, ते बघा.

काही पालक म्हणतात, रेटिंग नको, गणित तरी सुधारेल. इंग्लंडमधल्या १०० शाळांत बुद्धिबळ शिकवून हे तपासण्याचा प्रयोग झाला. २०१६ च्या अहवालात गणितावर त्याचा परिणाम आढळला नाही. बुद्धिबळ शिकवा ते बुद्धिबळाच्या आनंदासाठी.

आता करायचं काय? आधी मुलाला एक वही द्या. प्रत्येक डाव त्यात उतरवावा आणि मोबाइल उघडण्याआधी आपली चूक आपल्या शब्दांत लिहावी. सांगावं न लागता ती वही भरत गेली, तर मूल तयार आहे. मग महिन्याची फी न भरता दोन-तीनच तास ठरवा, डाव आधी पाठवा आणि स्वतः बाजूला बसून ऐका. तासभर प्रशिक्षकच बोलत असेल, तर दुसरा शोधा. आपल्या रोह्यातून पनवेल-मुंबईच्या स्पर्धांना जायचा खर्चही त्याच पैशांतून करायचा आहे, हे विसरू नका.

आणि गावाने एवढं करावं. शाळेची एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ पटांसाठी उघडावी. दहा घरांनी वर्गणी काढून वर्षातून दोनदा जाणता खेळाडू दोन दिवसांसाठी बोलवावा. एका घराला न परवडणारं निदान दहा घरांना परवडतं.

शेवटी पालकांना कळकळीची विनंती. कर्ज काढून, दागिना मोडून प्रशिक्षक लावू नका. त्या पैशाचं दडपण मुलाला प्रत्येक चालीला जाणवतं. उद्या त्याला खेळ सोडावासा वाटला, तर अपराधी न वाटता सोडता यावा, एवढाच पैसा लावा.