हातांची भाषा आणि चित्रपट

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, आज मी ज्यांच्याविषयीं बोलणार आहें, त्यांना माझा एकहि शब्द ऐकूं जाणार नाहीं. बधिर माणसांच्या जीवनावरील चित्रपट हा विषय नभोवाणीवरून मांडावयाचा, हा योगच मोठा चमत्कारिक आहे. पुढें हें भाषण मासिकांत छापून येईल, तेव्हां त्यांतल्या कांहीं जणांच्या हातीं तें पडेल, एवढेंच समाधान. म्हणून बोलतों आहें तुमच्यापाशीं, पण भाषण लिहितांना डोळ्यांसमोर एक वाचक ठेवली होती. ती माझी मावशी.

मावशी तान्हेपणीं तापानें बहिरी झाली. आमच्या लहानपणीं आम्हां भावंडांना सिनेमाला नेणारी तीच. तिकिटें ती काढी, शेंगदाण्याच्या पुड्या ती घेई, आणि दिवे मालवले कीं आमची परीक्षा सुरू होई. पडद्यावर कोणी रडूं लागलें, कोणी दार आपटून निघून गेलें, कीं मावशी कोपरानें ढोसून हातानें विचारी, "काय म्हणाला?" आम्ही पडद्यावरची नजर न काढतां हातानेंच सांगत असूं, "मग सांगतों." खेळ संपे. बाहेर गर्दी, टांग्याची घाई. ती पुन्हां विचारी, आणि आम्ही तीन तासांची कथा तीन खुणांत उरकून टाकीत असूं: बाप मेला, लग्न झालें, सगळें ठीक. त्या 'मग सांगतों'चा हिशेब मीं अजून चुकता केलेला नाहीं.

गंमत अशी कीं, एके काळीं चित्रपट हा बहिऱ्यांचा आणि ऐकणाऱ्यांचा अगदीं सारखाच होता. १९१३ सालीं गिरगांवांत 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हां पडद्यावरचा हरिश्चंद्र कोणालाच ऐकूं येत नव्हता. मधून मधून येणारी अक्षरें ज्याला वाचतां येत होतीं, त्याला सारें कळे. तिकडे हॉलिवुडांत तर ग्रॅनव्हिल रेडमंड नांवाचा बहिरा चित्रकार चार्ली चॅप्लिनचा मित्र होता. चॅप्लिनच्या मूकपटांतून त्यानें कामें केलीं. 'सिटी लाइट्स'मधला शिल्पकार तोच. हातवाऱ्यांचें मर्म चॅप्लिनला या माणसाच्या सहवासांत पुष्कळच उमगलें असावें, असें मला वाटतें. मग बोलपट आला. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिकमध्यें 'आलम आरा' लागला आणि गांव लोटला. त्या दिवशीं आपल्याकडे कोणासाठीं दार बंद झालें, हें त्या गर्दींत कोणाच्या ध्यानांत आलें नसेल.

१९१३ हें साल दुसऱ्याहि एका कारणासाठीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्याच वर्षीं अमेरिकेंत जॉर्ज व्हेडिट्झ या बहिऱ्या गृहस्थानें कॅमेऱ्यासमोर उभें राहून केवळ हातांनीं एक व्याख्यान दिलें. विषय होता, खुणांची भाषा जतन करण्याचा. त्याला तशी निकडहि होती. १८८० सालीं मिलान येथें बहिऱ्यांच्या शिक्षकांची एक परिषद भरली आणि तिनें ठराव केला कीं, बहिऱ्या मुलांना ओठ पाहून व तोंडानें बोलूनच शिकवावें, खुणा वर्ज्य कराव्या. पुढें कित्येक दशकें देशोदेशींच्या शाळांतून मुलांचे हात आवरले गेले. माझी मावशी ज्या शाळेंत गेली तेथेंहि हात हलले कीं छडी बसे. मुलें मग मधल्या सुटींत, भिंतीआड, पोटभर बोलून घेत. छापील पुस्तकांत ही भाषा मावत नाहीं, आणि शाळा ती मारूं पाहते. तेव्हां ती टिकवावयाची तर चित्रपटांतच, हें व्हेडिट्झनें ओळखलें. २०१० सालीं अमेरिकेनें जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादींत त्याच्या या चित्रपटाची नोंद केली.

खुणांना 'भाषा' म्हणण्याची विद्वानांची तयारी मात्र फार उशिरां झाली. १९६० सालीं विल्यम स्टोको या प्राध्यापकानें दाखवून दिलें कीं, अमेरिकन बहिऱ्यांच्या खुणा म्हणजे नुसतें मूकाभिनयाचें गाठोडें नव्हे. तिला स्वतःची घडण आहे. हाताचा आकार बदलला, जागा बदलली, हालचाल बदलली, कीं अर्थ बदलतो. चेहराहि व्याकरणाचाच भाग. आपण शब्दाच्या शेवटीं जें काम स्वराच्या चढानें करतों, तें अनेक खुणांच्या भाषांत भुंवया करतात.

हें एकदां ध्यानीं घेतलें म्हणजे अशा चित्रपटांतली खरी अडचण कळते. ऐकणाऱ्यांच्या चित्रपटांत दिग्दर्शकाला एक मोठी सवलत असते. नायक बोलत असतां तो कॅमेरा नायिकेच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे वळवूं शकतो. नायकाचा आवाज चालूच राहतो. हातांच्या भाषेंत कॅमेरा वळला कीं वाक्यच तुटलें. नुसता चेहरा पडदाभर दाखवावा, तर हात चौकटीबाहेर जातात. नुसते हात दाखवावे, तर प्रश्न आहे कीं विधान हें कळत नाहीं. काळोखांत प्रेमसंवाद नाहीं, पाठमोरें भांडण नाहीं. आणि दोन्ही हातांत परात धरलेली बाई ती खालीं ठेवीपर्यंत खरोखरच मुकी. मावशीची बहुतेक चित्रपटांविरुद्ध तक्रार हीच: "महत्त्वाचें बोलणें आलें कीं हात कापतात."

बहिऱ्यांवरचे पुष्कळसे चित्रपट हे ऐकणाऱ्यांनीं ऐकणाऱ्यांसाठीं काढलेले, म्हणून हे हात कापले जातात. १९४८ सालच्या 'जॉनी बेलिंडा'मध्यें जेन वायमननें एक शब्दहि न उच्चारतां बहिऱ्या मुलीची भूमिका केली आणि ऑस्कर पारितोषिक मिळविलें. काम सुंदर आहे. पण ती बेलिंडा सोसण्यासाठींच जन्माला आलेली. पुढें १९८६ सालीं 'चिल्ड्रन ऑफ ए लेसर गॉड'मध्यें मार्ली मॅटलिन ही खरोखरीची बहिरी तरुणी आली. तिची सारा सोसणारी नव्हे. मला बोलावयाला लावूं नका, तुम्हीच माझी भाषा शिका, असें शिक्षकाला बजावणारी. वयाच्या एकविसाव्या वर्षीं मॅटलिनला ऑस्कर मिळालें. बहिऱ्या कलावंताला मिळालेलें तें पहिलेंच. तरीहि या चित्रपटांत ती जें हातांनीं बोलते तें नायक मोठ्यानें उच्चारून दाखवितो, कारण आपल्याला कळलें पाहिजे! बहिऱ्या प्रेक्षकांना हें खटकलें यांत नवल नाहीं.

आतां आपल्याकडे येऊं. १९७२ सालीं गुलजारांचा 'कोशिश' आला. 'हॅपिनेस ऑफ अस अलोन' या १९६१ च्या जपानी चित्रपटापासून त्याला स्फूर्ति मिळाली होती. हरि आणि आरती या बहिऱ्या-मुक्या जोडप्याची ही कथा. संजीवकुमार व जया भादुरी यांनीं ती अशी कांहीं वठविली कीं, संजीवकुमारांना त्या वर्षींचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. मावशीबरोबर मीं तो पाहिला. आयुष्यांत पहिल्यांदाच तिनें कोपर मारलें नाहीं. पहिलें मूल गेल्यावर दुसरें होतें, तेव्हांचा एक प्रसंग आहे: बाळाला ऐकूं येतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आईबाप खुळखुळा वाजवितात, बाळ वळून पाहत नाहीं, दोघांच्या तोंडचें पाणी पळतें, आणि मग उलगडतें कीं दोष बाळाच्या कानांत नाहीं, खुळखुळाच वाजत नाहीं. सारें थिएटर सुटकेनें हसलें. मावशी हसली नाहीं. घरीं आल्यावर तिनें सांगितलें कीं, तिच्या आईनें अशीच तिच्या पाठीमागें पितळी थाळी बडविली होती, आणि ती पुष्कळ दिवस रोज बडवीत होती. हें आमच्या घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें.

त्या चित्रपटाच्या शेवटाविषयीं मात्र तिचें मत कठोर होतें. मोठा झालेला, ऐकूं येणारा मुलगा एका बहिऱ्या मुलीशीं लग्न करण्याचें नाकारतो, बाप संतापतो, अखेर मुलगा तयार होतो. आम्हीं सर्वांनीं डोळे पुसले. मावशीनें विचारलें, "त्या मुलीला कोणी विचारलें?"

'खामोशी' हा संजय लीला भन्साळींचा पहिला चित्रपट १९९६ चा. गोव्यांतलें ब्रगांझा कुटुंब. नाना पाटेकर आणि सीमा विश्वास हे बहिरे आईबाप, आणि गाणारी मुलगी. मुलीचें सुख ज्या गाण्यांत, तें आईबापांच्या कधींच वाट्याला येणार नाहीं. त्यावेळीं हा चित्रपट फारसा चालला नाहीं. पंचवीस वर्षांनीं, २०२१ सालीं, जवळजवळ याच पेंचावर 'कोडा' हा अमेरिकन चित्रपट निघाला. त्याचें मूळ २०१४ सालच्या एका फ्रेंच चित्रपटांत आहे, 'खामोशी'त नव्हे. परंतु त्या फ्रेंच चित्रपटांतहि बहिऱ्या आईबापांचीं कामें ऐकणाऱ्या नटांनींच केलीं होतीं. 'कोडा'मध्यें आई, बाप आणि भाऊ हे तिघेहि बहिरे कलावंत आहेत. आई म्हणजे तीच मार्ली मॅटलिन. बाप झालेल्या ट्रॉय कॉट्सरला २०२२ सालीं ऑस्कर मिळालें, तेव्हां सभागृहांतल्या लोकांनीं टाळ्या न वाजवितां दोन्ही हात उंच करून हालविले.

येथें कोणी म्हणेल, नटानें सोंग आणावयाचें नाहीं तर काय करावयाचें? राजाचें काम करण्यासाठीं राजा का शोधावा? आक्षेप रास्त आहे, आणि संजीवकुमार किंवा नाना पाटेकर यांचें काम कमी लेखण्याचें पाप मी करणार नाहीं. पण प्रश्न अभिनयाचा नसून भाषेचा आहे. पाठ करून मराठी बोलणारा परभाषिक नट कितीहि गुणी असो, पहिल्याच वाक्याला आपला कान टवकारतो. बहिऱ्या प्रेक्षकाचा डोळा तसाच टवकारत असला पाहिजे. आपल्याला तें दिसत नाहीं, एवढेंच.

या बाबतींत सर्वांत टोंकाला गेलेला चित्रपट युक्रेनमधला आहे: २०१४ चा 'द ट्राइब'. बहिऱ्या मुलांचें वसतिगृह. सारे नट बहिरे. सारें बोलणें युक्रेनी खुणांत. आणि खालीं एकहि अक्षर नाहीं. ऐकणारा प्रेक्षक दोन तास माझ्या मावशीच्या जागीं बसतो, आणि शेजारीं 'काय म्हणाला?' म्हणून विचारावयालाहि कोणी नसतें. या मुलांत चोर आहेत, गुंड आहेत, क्रूर माणसें आहेत. चित्रपट भयंकर आहे, घरांत सर्वांनीं मिळून पाहण्यासारखा मुळींच नाहीं; तरी बहिरा माणूस म्हणजे एक दीन, सात्त्विक प्राणी, ही आपली समजूत तो पार उडवून लावतो.

'कोडा' आम्हीं घरीं पाहिला. मावशी आतां ऐंशीच्या पुढें आहे. अमेरिकन खुणा आणि आपल्या खुणा या दोन निराळ्या भाषा; तिला त्यांतलें थोडेंच कळलें, आणि खालचीं अक्षरें इंग्रजी. माझी नात तिच्याजवळ बसली होती. दर दोन मिनिटांनीं ती चित्र थांबवी, हातांनीं सांगे, पुन्हां सुरू करी. दोन तासांहून लहान असलेला चित्रपट दोन संध्याकाळी चालला. मुलीच्या गाण्याच्या प्रसंगीं आईबाप श्रोत्यांत बसले आहेत. मुलगी गाऊं लागते, आणि मध्येंच सगळा आवाज नाहींसा होतो. यंत्र बिघडलें असें समजून मीं घाईनें त्याची कळ शोधूं लागलों. मावशीनें विचारलें, काय झालें? नातीनें सांगितलें, आवाज गेला. मावशीनें खांदे उडविले आणि पडद्याकडे बोट दाखविलें: बाप गाण्याकडे नव्हे, आजूबाजूच्या लोकांच्या चेहऱ्यांकडे पाहत होता.

चित्रपटगृहांत बहिऱ्यांसाठीं अक्षरांची सोय असावी, यासाठीं भारत सरकारनें मार्च २०२४ मध्यें नियमावली काढली आहे. मराठी चित्रपटाखालीं परभाषिकांसाठीं इंग्रजी अक्षरें आपण पाहतों. मराठी बहिऱ्यांसाठीं मराठी अक्षरें क्वचितच. तीं येतील तेव्हां येतील. लहानपणीं मावशीला न सांगितलेला एक जुना बोलपट मला परवां घरबसल्या पाहावयास मिळाला. त्याखालीं कोणतींच अक्षरें नव्हतीं. मीं एक वही आणली आहे, आणि रोज थोडें थोडें थांबवून कोण काय म्हणाला तें लिहून काढीत आहें. मध्यंतरापर्यंत आलों आहें.