फक्की पडण्याआधी विचारायचे प्रश्न

गावालगतच्या रानात चुन्याची फक्की पडली, कोपऱ्याकोपऱ्याला दगड रोवले गेले आणि रस्त्यावर रंगीत फलक लागला की समजावे, इथे आता नगर होणार. आमच्या मंठ्याला हे दृश्य नवे नाही. जालना-जिंतूर रस्ता इथूनच जातो, शेगाव-पंढरपूर पालखीमार्गही इथून परतूरकडे वळतो. रस्ता रुंदावला की एकराने विकली जाणारी जमीन चौरस फुटाने विकली जाऊ लागते. मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यांतून कुटुंबे तालुक्याला येतात, त्यांना घरे हवीतच. पण शेजारच्या वस्तीतली माणसे जेव्हा विचारतात, 'आमच्या बोअरचे काय होणार?', तेव्हा त्यांना विकासाचे विरोधक ठरवून गप्प बसवणे मला पटत नाही.

आपली जमीन कशी आहे ते पाहा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कातळ. पाणी साठते ते मुरमात आणि कातळाच्या भेगांत. ही साठवण मोठी नव्हे. एकाच भेगेवर चार बोअर बसले की पाणी चौघांत वाटले जाते आणि उन्हाळ्यात चौघांचेही आटते. 2012-13च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, हे कोणी विसरलेले नाही. भुयारी गटार नसलेल्या गावांसाठी माणशी रोज 70 लिटर पाणी धरतात. दोनशे घरे, घरटी पाच माणसे म्हटली तर दिवसाला 70 हजार लिटर झाले. फलकावर 'पाण्याची मुबलक सोय' असे लिहिलेले असते. ती सोय म्हणजे बहुधा एक बोअर!

आलेले पाणी जाणार कुठे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे आणि तो फारसा कोणी विचारत नाही. घरोघरी सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा होतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पण पावसाळ्यात फुगून घट्ट होते; तिच्यात पाणी मुरत नाही. सांडपाणी वर येऊन गल्लीत तुंबते. वैतागून खड्डा मुरमापर्यंत खोल नेला, तर घाण थेट शेजाऱ्याच्या विहिरीच्या पाण्याला जाऊन मिळते. दोनशे प्लॉटवर दोनशे खड्डे, आणि त्यांच्यामध्येच पिण्याच्या पाण्याचे बोअर. हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा.

तिसरी गोष्ट ओढ्याची. आठ महिने कोरडा असतो, म्हणून तो बुजवून त्यावर दोन प्लॉट जास्तीचे पाडण्याचा मोह होतो. पुण्यात 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबील ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगर भागात शिरून काय केले, ते सर्वांनी पाहिले. अनेकांचे जीव गेले. (नगरांची नावे मात्र हमखास वनराई, हरितविहार अशी असतात. तिथे सावलीला झाड नसते.)

मग कायदा काय करतो? केंद्र सरकारच्या 14 सप्टेंबर 2006च्या अधिसूचनेने मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी आवश्यक केली. पण ती वीस हजार चौरस मीटर बांधकामापासून पुढे. शिवाय गृहप्रकल्पांना त्या अधिसूचनेने जनसुनावणीतून वगळले. तालुक्याच्या गावी पाच एकरांचे प्लॉटिंग होते. विकसक प्लॉट विकून मोकळा होतो, घरे एकेक करून ज्याची तो बांधतो. त्यामुळे दोनशे घरांचा एकत्रित हिशेब कोणत्याच टेबलावर मांडला जात नाही. माझ्या मते खरी अडचण इथे आहे.

म्हणून प्रश्न विचारायची वेळ रेखांकन मंजूर होण्याआधीची. प्रस्तावित लेआउटची प्रत 2005च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. पाचशे चौरस मीटरच्या वरचा प्रकल्प विक्रीआधी महारेराकडे नोंदवावा लागतो, आणि त्याची कागदपत्रे संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती नेमकी कुठे आहे ते बघा. कित्येकदा कोपऱ्यातला, कशाच्याही कामाचा नसलेला तुकडा तेवढा दाखवलेला असतो. ती जागा ओढ्याच्या काठी सोडायला लावली तर ओढा वाचतो. सांडपाण्यासाठी प्रत्येक घराला वेगळा खड्डा न करता संपूर्ण नगराची एकच प्रक्रिया व्यवस्था मागता येईल. हजार चौरस फुटांच्या छपरावर 600 मिलिमीटर पावसात, गळती वजा जाता, सुमारे 45 हजार लिटर पाणी मिळते. पहिले पाऊस सोडून देऊन ते गाळून बोअरजवळ मुरवता येते.

हे सारे खरेदीखते होण्यापूर्वी व्हायला हवे. एकदा दोनशे माणसांनी कर्ज काढून प्लॉट घेतले की भांडण विकसकाशी राहत नाही. जुनी वस्ती आणि नवी वस्ती एकमेकांसमोर उभी राहते, आणि दोघांच्याही हातात रिकामी घागर असते. त्यासाठी खर्चिक काही लागत नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्या, लेआउटच्या प्रतीशेजारी ठेवा आणि ओढ्याची रेघ दोन्हीकडे सारखी आहे का ते पाहा. जमल्यास मोठ्या पावसानंतर लगेच त्या रानात एक चक्कर मारा, आणि चार जाणती माणसे सोबत न्या.