सासऱ्यांचा ट्रंपेट, जावयाचा सॅक्सोफोन



आत येताना दारातच एक जुने स्नेही भेटले. पत्रिकेतला विषय वाचून म्हणाले, "जॅझ म्हणजे ते हॉटेलातलं ना?" मी म्हटलं, हो, हॉटेलातलंच. त्यांनी 'हॉटेलातलं' हा शब्द ज्या सुरात उच्चारला, तो सूर मात्र माझ्या चांगला ओळखीचा आहे. लावणी 'फडावरची', ठुमरी 'कोठ्यावरची' आणि जॅझ 'हॉटेलातलं'. पहिल्या दोघींची आपण बऱ्याच उशिराने का होईना, माफी मागितली. तिसऱ्याची अजून राहिली आहे.

आपण मराठी माणसं गोव्याच्या गाण्याचं ऋण मोकळ्या मनाने मानतो. केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, मास्टर दीनानाथ मंगेशीचे, अभिषेकीबुवाही मंगेशीचेच. ही गावं आपल्याला आजोळासारखी पाठ. आता मी विचारतो, हळदोणे कुणाचं? माजोर्डा कुणाचा? कुडचडे कुणाचं? सभागृह शांत. हळदोण्याचे चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड. तोच गोवा, मुंबईही तीच. देवळाच्या मंडपातून आलेलं गाणं आपण डोक्यावर घेतलं आणि इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, पडवीतून आलेलं वाजवणं नुसतं वापरलं. गोव्याच्या संगीताचा आपला हिशेब अर्धाच लिहिलेला आहे, हे आज मला सांगायचं आहे. सांगायला एक घर पुरे आहे. त्या घरात सासरे ट्रंपेट वाजवत आणि जावई सॅक्सोफोन.

सासऱ्यांचं कागदोपत्री नाव अँतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, बार्देशातल्या हळदोण्याचा. पोर्तुगीज अमलाखालच्या त्या गोव्यात इगर्जीला लागून शाळा असे. तिथे मेस्त, म्हणजे मास्तर, पोरांना प्रार्थनेबरोबर सोल्फेज शिकवायचा. सोल्फेज म्हणजे त्यांची सरगम, पण कागदावर लिहिलेली. पोराच्या हातात व्हायोलिन यायच्या आधी डोळ्यांना पाच रेघांवरचे ठिपके वाचायची सवय लागे. आपल्याकडे गाणं कानातून गळ्यात उतरतं, त्यांचं डोळ्यांतून बोटांत उतरायचं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळा संसार यावरच चालला.

मुंबईला आलेला गोंयकार पोटासाठी जे काही करी, त्याचा पहिला मुक्काम धोबीतलावच्या कुडीत. कूड म्हणजे गावाच्या नावाने चालणारा क्लब. क्लब म्हटल्यावर डोळ्यांसमोर काही भलतं आणू नका. एक लांबट खोली, एका टोकाला वेदी, भिंतीला लागून ट्रंकांची रांग, रात्री जमिनीवर पथाऱ्या आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. बोटीवर जायला निघालेला तारवटी, मोठ्या हॉटेलातला खानसामा आणि ट्रंपेटवाला, तिघांच्या ट्रंका शेजारी शेजारी. धोबीतलावच्या जेर महालात अशा कुडी होत्या आणि त्याच जेर महालात फुर्ताडोंचं वाद्यांचं दुकान. म्हणजे राहायला वर आणि वाद्याचा पॅड फाटला तर खाली.

माझं बालपण तिथून हाकेच्या अंतरावर, ठाकुरद्वारला गेलं. आमच्या समोरच्या इमारतीत एक ट्रंपेटवाले राहत, आम्हा पोरांचे अंकल. मार्च लागला की आई खिडकीतून सांगायची, "अहो अंकल, पोरांच्या परीक्षा आहेत." ते म्हणायचे, "व्हय बाय." मग त्यांचा रियाझ कपाटात जायचा. म्हणजे कसं, तर कपाटाचं दार उघडायचं, आत टांगलेल्या कोटांमध्ये ट्रंपेटचं तोंड खुपसायचं आणि वाजवायचं. लोकरीचे कोट आवाज पिऊन टाकत. आम्हाला ऐकू येई ती दूरच्या गलबताची हाक वाटावी असं काही. वाजवून झालं की खालची कळ दाबून नळीत साठलेलं पाणी फुंकून टाकत आणि तोंडाला लावायची ती पितळी वाटी पुसून खिशात घालत. खिशात का? "थंड वाटी ओठाला लागली की पहिला सूर खाली पडतो," म्हणाले होते. त्यांच्या वरच्या ओठाच्या मधोमध गोल वण होता. मला तो अपघाताचा वाटे. तो नोकरीचा होता.

नोकरी हा शब्द मुद्दाम वापरतो. मुंबईतलं जॅझ नोकरी म्हणून जगलं. १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकेतला काळा व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफोर्डसारखा पियानोवादक आला. आपल्या गोंयकारांनी त्यांच्या बाजूला बसून वाजवलं. फ्रँक फर्नांड वेदरफोर्डच्याच बँडमध्ये होते. १९३९ पासून १९६० पर्यंत मिकी कोरियांचा बँड ताजमध्ये वाजत होता. एकवीस वर्षं एकाच मंचावर! आपल्या नाटक कंपन्याही एका थिएटरात इतक्या टिकल्या नाहीत.

नोटेशन वाचणाऱ्या या मंडळींना जॅझमध्ये नवीन काय शिकावं लागलं? तर कागद सोडायला. हे इथल्या श्रोत्यांना समजावणं सोपं आहे. जॅझमधलं गाणं पुष्कळदा बत्तीस मात्रागटांचं असतं. ते एकदा सगळ्यांनी मिळून वाजवायचं. ही आपली बंदिश. मग तेच बत्तीसचं आवर्तन फिरत राहतं आणि एकेक जण त्यावर आपलं म्हणणं मांडतो. कधी ट्रंपेटने चार घ्यायचे, ड्रमने चार. हा सवालजवाब. आवर्तन चुकलं तर तिथेही लाजच जाते. फरक असा की आपला षड्ज तंबोऱ्यात पक्का बसलेला, तर त्यांच्या पायाखालची सुरांची फळी दर दोन-चार मात्रांना बदलते. हलत्या फळीवर उभं राहून तान घ्यायची.

चिक चॉकलेट या नावाने वाझ यात तयार झाले. बँड स्वतःचा, वाजवणं तडफदार, मंचावरचा वावर देखणा. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. कौतुकाने दिलेली ही पदवी मला मात्र कधी आवडली नाही. आपण कुणाला महाराष्ट्राचा शेक्सपिअर म्हणतो तेव्हा त्याचं नाटक वाचायची जबाबदारी झटकत असतो. तसंच हे. आर्मस्ट्राँगच्या ट्रंपेटला तलत महमूदची चाल बांधायची वेळ कधी आली नाही. चिकवर आली आणि त्यांनी ती बांधली. १९५१ च्या 'नादान'मधलं तलतचं ते तसवीरीचं गाणं तुमच्यातले कितीतरी जण आजही गुणगुणत असतील. त्या हळव्या चालीचे संगीतकार चिक चॉकलेट. पुढे 'रंगीली' आणि 'कर भला' या चित्रपटांच्या संगीतातही त्यांचं नाव आहे.

इथे आपले चितळकर येतात. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. हार्मोनियमवर चाल बांधणाऱ्या या माणसाचा कान मोठा धीट होता. 'बिग बँड'चा रंग हिंदी गाण्यात हवा हे त्यांना कळलं, आणि तो रंग कुणाच्या घरी मिळतो हेही कळलं. चिक त्यांचे सहायक झाले. चितळकर गाऊन दाखवणार, सहायक ते पाच रेघांवर उतरवून घेणार, मग प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद, त्याला 'पार्ट' म्हणत. सकाळी स्टुडिओत वादक येत, पार्ट समोर ठेवत आणि वाजवायला लागत. गायक, कोरस, तालवाद्यं, सगळं एका दमात ध्वनिमुद्रित व्हायचं. शेवटच्या ओळीला एकाने खोकलं तर पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी आयुष्यात प्रथम पाहिलेला कागद पहिल्याच फेरीत बिनचूक वाजवणारी माणसं लागतात. ती इगर्जीच्या शाळेत तयार झालेली होती. मेस्ताची छडी अशी मुंबईच्या सिनेमाला उपयोगी पडली.

चितळकरांचा 'अलबेला' १९५१ चा. 'शोला जो भडके'तला बाँगो आठवा, त्यावरचा ट्रंपेट आठवा. भगवानदादांची ती पाय न उचलता उचललेली पावलं कशावर पडतात? त्या ट्रंपेटवर. गणपतीत पिढ्यान् पिढ्या ज्या चालीवर गिरगाव-दादर नाचलं, तिच्या ठेक्यात हळदोण्याच्या माणसाची फुंकर आहे.

पण श्रेयनामावलीत वादकांची नावं नसत. अरेंजरचं नावही क्वचितच. चिकचं नाव कधीमधी दिसलं, बाकीचे अंधारातच राहिले. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशाला ठाऊक झालं ते १९७७ मध्ये, सिनेमातल्या एका गाण्यात हे नाव घेत अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर आल्यावर. संगीतकार प्यारेलालनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूला केलेला तो नमस्कार होता. तोवर खरे गोन्साल्विस सिनेमाचं काम सोडून कधीच निघून गेले होते.

इकडे हॉटेलांचं काय झालं? गोरे साहेब गेले, संस्थानिकांची ऐट ओसरली आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नाचघरांची उरलीसुरली रयाही घालवली. वादकाचा दिवस मग उलटा फिरला. एके काळी रात्रीचं हॉटेल हा धंदा आणि स्टुडिओ ही वरकड कमाई. आता स्टुडिओ धंदा झाला आणि जॅझ उरलं रात्रीपुरतं. चर्चगेट स्ट्रीटच्या रेस्टॉरंटांत ते पुढेही बराच काळ वाजत राहिलं, नाही असं नाही. पण सकाळी नऊ वाजता दुसऱ्याने लिहिलेले चार सूर वाजवून आलेला माणूस रात्री अकराला स्वतःचे सूर शोधत असे. ओठ तेच. आमचे अंकल म्हणत, "सकाळी कागद वाजवतो, रात्री मी वाजतो." त्यांच्या बोलण्यात तक्रार नसे. तक्रार मी करतोय.

१९६४ साली खुद्द आर्मस्ट्राँग मुंबईत येऊन वाजवून गेला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६७ च्या मे महिन्यात चिक चॉकलेट गेले. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. त्याच वर्षी जुलैत तिकडे अमेरिकेत सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन गेला. हे दोन मृत्यू मी उगाच जवळ आणत नाही. कोल्ट्रेनला आपल्या रागसंगीताची इतकी ओढ, की त्याने मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं. सॅक्सोफोनवरून रागाकडे जाणारी वाट त्याने तिकडून दाखवली. इकडून त्या वाटेवर निघाला तो चिकच्या घरचा जावई.

ब्राझ गोन्साल्विस, तिसवाडीतल्या नेवऱ्याचे. चिकची मुलगी ईव्हॉन, तीही गाणारी, हिच्याशी त्यांचं लग्न झालं. ब्राझनी मुंबईही पाहिली आणि कलकत्त्याची पार्क स्ट्रीटही. तिथल्या 'ब्लू फॉक्स'मध्ये ते लुई बँक्सबरोबर वाजवत. १९७० मध्ये त्यांची 'रागा रॉक' ही ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे लुई बँक्सच्या इंडो-जॅझ मेळ्यात ब्राझचा सॅक्सोफोन आणि रामामणींचा कर्नाटकी गळा एकत्र आले.

फ्यूजन म्हटलं की मला धडकी भरते, हे कबूल करतो. बहुतेक फ्यूजन म्हणजे कालच्या आमटीत आजची भाजी. ब्राझचं वाजवणं मला वेगळं वाटतं, याचं कारण साधं आहे. सॅक्सोफोनला मींड काढणं अवघड. बोटाखाली चाव्या आहेत, सूर पायऱ्यापायऱ्यांनी मिळतो. त्या दोन पायऱ्यांमधली जागा ओठ सैल करून, श्वास आवरून भरावी लागते. रामामणी स्वरावली म्हणतात आणि ब्राझ उत्तर देतात, तेव्हा त्या पायऱ्या झिजून त्यांचा उतार झालेला ऐकू येतो. ही कसरत नव्हे, तयारी आहे. आपल्या कुठल्याही बैठकीत याला दाद मिळाली असती. बैठकीत बोलावलं असतं तर.

१९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि मंडळींनी मुंबईत 'जॅझ यात्रा' सुरू केली. नाव पाहा, महोत्सव नाही, यात्रा! पहिल्याच वर्षी सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनचा बादशहा आला. ब्राझही त्या यात्रेत वाजले. जागा रंगभवन, म्हणजे पुन्हा धोबीतलावच. कुडींपासून चालत जावं इतकं जवळ. उघड्या आकाशाखाली, दगडी पायऱ्यांवर बसून मी तिथे पहाटेपर्यंत ऐकलं आहे. पुढे इस्पितळ-कॉलेजांचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन मुकं झालं. कायद्याला माझा विरोध नाही, रुग्णाला झोप हवीच. पण बदल्यात दुसरं रंगभवन या शहराने आजवर बांधलेलं नाही.

ब्राझ-ईव्हॉनचा नातू जॅरिड रॉड्रिग्ज आज सॅक्सोफोन वाजवतो. हळदोण्याच्या त्या पोरापासूनची ही चौथी पिढी. आपण घराणं म्हणतो त्याला तीन पिढ्या लागतात, असा एक जुना दंडक आहे. तो लावायचा तर हेही घराणं आहे आणि त्याची नोंद आपल्या संगीताच्या पुस्तकांत व्हायला हवी.

तोवर एक काम तुमच्याकडे सोपवतो. घरी जाऊन 'अलबेला' लावा. भगवानदादा आणि गीता बालीवर नजर खिळणारच, खिळू द्या. पण मागे झालरीचे सदरे घातलेला बँड दिसेल तेव्हा क्षणभर तिकडे बघा. ट्रंपेट ज्याच्या हातात आहे, ते चिक चॉकलेट.