पेटंटची मुदत आणि औषधाची किंमत



शेतजमीन एकाने कसली की त्याच हंगामात ती दुसऱ्याला कसता येत नाही. ज्ञानाचे तसे नाही. एखाद्या औषधाची कृती दुसऱ्याला कळल्याने पहिल्याजवळचे ज्ञान कमी होत नाही. मात्र ती शोधून काढण्यास लागणारा खर्च प्रचंड असतो, तर तिची नक्कल करण्याचा खर्च त्या मानाने फारच थोडा. अर्थशास्त्राचा पेच येथूनच सुरू होतो. नक्कल मोकळी ठेवली तर संशोधनात पैसा कोण गुंतवणार? आणि ती रोखली तर संशोधनाचे फळ सामान्य माणसाला परवडणार कसे? बौद्धिक संपदा हक्क हे या पेचावर काढलेले तडजोडीचे उत्तर होय. समाजाने काही अटींवर, ठरावीक मुदतीपुरती दिलेली ती मक्तेदारी आहे.

या अटी हक्कागणिक बदलतात. भारतात साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. व्यापारचिन्हाचे दर १० वर्षांनी नूतनीकरण करता येते. भौगोलिक निर्देशन हे कोणा एकाचे नसून त्या प्रदेशातील उत्पादकांचे असते. देशातील असे पहिले निर्देशन २००४ मध्ये दार्जिलिंग चहाला मिळाले. परीक्षेच्या दृष्टीने ही यादी पाठ करणे अवघड नाही. परंतु या हक्कांमागील देवघेव समजून घ्यायची तर पेटंटकडे, आणि त्यातही औषधांच्या पेटंटकडे वळावे लागते.

पेटंट मागणाऱ्याने आपला शोध अशा रीतीने उघड करावयाचा असतो की त्या क्षेत्रातील जाणकाराला तो करून पाहता यावा. त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे इतरांना तो वापरण्यास मज्जाव करण्याचा अधिकार त्याला मिळतो. शोध नवा असावा, जाणकारालाही सहज सुचणारा नसावा आणि उद्योगात उपयोगी पडणारा असावा, या तीन कसोट्या सर्वत्र सारख्याच आहेत. त्या किती कडकपणे लावायच्या, हे मात्र प्रत्येक देश ठरवतो. खरे आर्थिक धोरण तेथेच असते.

स्वातंत्र्यानंतरही भारतात १९११ चा ब्रिटिश अमदानीतील कायदाच लागू होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सादर केलेल्या अहवालातून असे दिसून आले, की देशातील बहुसंख्य पेटंटे परकीयांच्या हाती असून त्यांपैकी बहुतेकांवर आधारित उत्पादन येथे होतच नव्हते. म्हणजे समाज किंमत मोजत होता, पण त्या बदल्यात त्याच्या पदरात काही पडत नव्हते. या अहवालाच्या आधारे झालेला १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषध या पदार्थावर त्याने पेटंट नाकारले. ते बनविण्याच्या प्रक्रियेवर तेवढे दिले, आणि तेही मंजुरीपासून ५ वर्षे किंवा पेटंटच्या तारखेपासून ७ वर्षे, यांपैकी जी मुदत आधी संपेल तितकेच.

याला अनेकांनी चोरीला मुभा म्हटले. ही टीका करणाऱ्यांना एका गोष्टीचा विसर पडतो. औषध उद्योगात अग्रेसर असलेल्या स्वित्झर्लंडनेही औषधी पदार्थावर पेटंट देण्यास १९७७ मध्ये सुरुवात केली. शिवाय तेच औषध वेगळ्या मार्गाने तयार करणे हे रसायनशास्त्राचे कौशल्याचे काम आहे. या कौशल्याच्या बळावर भारतीय उद्योग उभा राहिला. २००१ मध्ये सिप्ला या मुंबईच्या कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार एका रुग्णासाठी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा श्रीमंत देशांत त्याच उपचाराला १० हजार डॉलरहून अधिक खर्च येत होता.

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेबरोबर ट्रिप्स करार अस्तित्वात आला आणि ही सवलत संपणार हे निश्चित झाले. मिळालेली १० वर्षांची मुदत भारताने पूर्ण वापरली व १ जानेवारी २००५ पासून औषधांवर उत्पादन पेटंट सुरू केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम ३(डी) ला आजचे रूप दिले. ज्ञात पदार्थाचे नवे रूप त्या पदार्थाची परिणामकारकता वाढवीत नसेल, तर तो शोध मानला जाणार नाही, असे हे कलम सांगते. क्षार बदलून किंवा स्फटिकरचना बदलून मक्तेदारी आणखी काही वर्षे लांबविण्याच्या प्रथेला त्याने पायबंद घातला.

रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाच्या निमित्ताने या कलमाची कसोटी लागली. नोव्हार्टिस कंपनीने १९९८ मध्ये या औषधाच्या एका स्फटिकरूपासाठी अर्ज केला होता. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने तो २००६ मध्ये फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची क्षमता, असा अर्थ न्यायालयाने लावला. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय पर्यायाचा सुमारे ८ ते १० हजार. बहुतेक रुग्णांना आपण औषध विनामूल्य देतो, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु कंपनीच्या औदार्यावर अवलंबून असणे आणि बाजारात स्पर्धा असणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत.

पेटंट रीतसर मंजूर झाले असले तरी समाजाचा हात पूर्णपणे बांधला जात नाही. मंजुरीनंतर ३ वर्षांनी, लोकांची गरज भागत नसेल, किंमत परवडणारी नसेल किंवा शोधाचा देशात वापर होत नसेल, तर कलम ८४ खाली सक्तीचा परवाना मागता येतो. ९ मार्च २०१२ रोजी असा पहिला परवाना नॅटको कंपनीला मिळाला. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील बायरचे नेक्सावार महिन्याला २,८०,४२८ रुपयांना पडत असे. नॅटकोने ते ८,८८० रुपयांत द्यावे व बायरला स्वामित्वशुल्क द्यावे, असे ठरले. ‘परवडणारी किंमत’ या दोन शब्दांचा अर्थ त्या दोन आकड्यांमधील अंतराने स्पष्ट केला.

म्हणून पेटंट निरुपयोगी ठरते काय? तसे नव्हे. ज्या रोगांचे रुग्ण पैसे मोजू शकतात, त्यांच्यावरील संशोधनाला पेटंटने चालना मिळते. क्षयरोगाचे तसे नाही. क्षयावर सर्वस्वी नव्या पद्धतीने कार्य करणारे बेडाक्विलिन २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, ते सुमारे ४० वर्षांच्या खंडानंतर. गरिबांच्या रोगासाठी संशोधन घडवून आणण्यास सार्वजनिक पैसा लागतो. ते काम मक्तेदारीवर सोपवून भागत नाही.

बेडाक्विलिनचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. त्याच्या एका क्षारावरील पेटंट मिळाले असते तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. क्षयातून बऱ्या झालेल्या दोन महिलांनी, एक भारतातील व एक दक्षिण आफ्रिकेतील, या अर्जाला हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो फेटाळला. मंजुरीपूर्वी कोणत्याही व्यक्तीला हरकत घेता येते, ही भारतीय कायद्यातील तरतूद त्यांच्या कामी आली. मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर अशा हरकतीसाठी शुल्क भरावे लागते, आणि ती विचारात घेण्याजोगी आहे किंवा नाही हे नियंत्रक आधी ठरवतो. पेटंटधारकाने आपल्या शोधाचा देशात कितपत वापर केला याचे विवरणपत्रही आता दरवर्षी नव्हे, तर तीन वर्षांतून एकदा द्यावयाचे आहे. नेक्सावारच्या प्रकरणात बायरने भारतात किती औषध आणले, याचा पुरावा अशाच विवरणपत्रांतून मिळाला होता.